पाण्याखालचा श्वास आणि खरेदीचा क्रम

पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन महामार्ग जेथे एकमेकांना छेदतात, तेथे आळेफाटा वसले आहे. कांद्याचे लिलाव, गाईंचा बाजार आणि अहोरात्र चालणारी वाहतूक ही या ठिकाणाची ओळख. समुद्राशी येथील माणसाचा नित्याचा संबंध नाही. तरीही सुट्टीत येथील एखादे कुटुंब मालवणला जाते, घरातील तरुण मुलगा सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात प्रशिक्षकाच्या आधाराने काही मिनिटे पाण्याखाली उतरतो, रंगीत मासे पाहतो आणि घरी परततो तो एकच ध्यास घेऊन. स्कूबा डायव्हिंगचा स्वतःचा संच घ्यायचा! मोबाइलवर तयार संचांची छायाचित्रे दिसू लागतात, हप्त्यांची सोयही दिसते. वडील मात्र साधाच प्रश्न विचारतात, "अरे, वर्षातून किती दिवस तू समुद्रावर जाणार?"

हा प्रश्न कंजूषपणाचा नाही. दुचाकी, कॅमेरा किंवा क्रिकेटची बॅट घेताना चूक झाली, तर पैसे वाया जातात. पाण्याखाली श्वास पुरवणारे साधन घेताना चूक झाली, तर जिवावर बेतू शकते. म्हणूनच या खरेदीत 'काय घ्यावे' यापेक्षा 'कोणत्या क्रमाने घ्यावे' हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. तो क्रम असा: प्रथम शिक्षण, नंतर अंगाला बसणाऱ्या वस्तू, त्यानंतर पुरेसा अनुभव आल्यावर श्वासाची यंत्रणा, आणि सिलिंडर बहुधा कधीच नाही.

यामागील कारण समजण्यासाठी पाण्याचा स्वभाव जाणून घेतला पाहिजे. जमिनीवर आपल्या शरीरावर एक वातावरणाचा दाब असतो. पाण्यात दर दहा मीटर खोलीमागे त्यात आणखी एका वातावरणाची भर पडते. त्या दाबाखाली छाती फुलवून श्वास घेता यावा, यासाठी आत येणारी हवाही तेवढ्याच दाबाची असावी लागते. हे काम करणारे स्वयंचलित यंत्र फ्रान्समध्ये १९४३ साली झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी सिद्ध केले. आजचा रेग्युलेटर हा त्याचाच वंशज. सिलिंडरमधील सुमारे २०० बार दाबाची हवा दोन टप्प्यांत उतरवून तो माणसाला हवी तेव्हा आणि हवी तेवढी देतो.

जुन्नर-आंबेगावच्या मुलांना पोहण्याचे भय नसते. पाठीला डबा किंवा वाळलेला भोपळा बांधून विहिरीत शिकलेली पिढी अजून गावोगाव आहे. पण विहिरीत मुरलेली एक सवय येथे घातक ठरते. विहिरीतला पोहणारा वरून श्वास भरून घेतो, तो रोखून तळ गाठतो आणि तसाच वर येतो. स्कूबाचा पहिला नियम याच्या नेमका उलट आहे: श्वास कधीही रोखायचा नाही. दहा मीटर खोलीवर छातीत भरलेली हवा पृष्ठभागापर्यंत येताना दुप्पट जागा मागते. घाबरून श्वास रोखून वर येणाऱ्याच्या फुप्फुसांना त्यामुळे गंभीर इजा होऊ शकते. उत्तम पोहता येणे आणि सुरक्षित बुडी घेता येणे या दोन निराळ्या विद्या आहेत.

म्हणून पहिला खर्च साधनांवर न करता अभ्यासक्रमावर करावा. तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. मालवण, गोवा आणि अंदमान येथे मान्यताप्राप्त संस्थांचे प्रशिक्षकही शिकवतात. पर्यटकाला काही मिनिटे पाण्याखाली नेऊन आणणे हा केवळ परिचय होय. ते शिक्षण नव्हे. 'ओपन वॉटर' हा प्राथमिक अभ्यासक्रम साधारणपणे तीन-चार दिवसांचा असतो. त्यात २०० मीटर न थांबता पोहणे आणि दहा मिनिटे तरंगत राहणे अपेक्षित असते. तो पूर्ण करणाऱ्या प्रौढास जोडीदारासह १८ मीटरपर्यंत उतरण्याची पात्रता मिळते. प्रवेशापूर्वी आरोग्यविषयक प्रश्नावली भरावी लागते. दमा, हृदयविकार, कानाच्या तक्रारी यांपैकी काही असल्यास वैद्यकीय सल्ला अनिवार्य समजावा. उत्साहाच्या भरात तेथे खोटे उत्तर लिहिणारा स्वतःलाच फसवतो. या दिवसांत संस्थेची साधने वापरायला मिळतात, आणि आपल्याला काय सोयीचे पडते हे दुकानापेक्षा तेथेच अधिक नीट कळते.

प्रशिक्षण सुरू करताना स्वतःची म्हणून घ्यावी अशी पहिली वस्तू म्हणजे मास्क. पोहण्याचा चष्मा येथे चालत नाही, कारण तो नाक झाकत नाही. खोलीवर चेहऱ्यावरील दाब सारखा करण्यासाठी नाकातून थोडी हवा आत सोडावी लागते. मास्क निवडण्याची परीक्षा सोपी आहे. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर ठेवावा, केस बाजूला सारावेत आणि नाकाने हलका श्वास आत ओढावा. हात सोडल्यावरही मास्क चेहऱ्यावर टिकून राहिला, तर तो आपला. कडा मऊ सिलिकॉनची आणि काच टेम्पर्ड असावी. दाट मिशी असल्यास पाणी झिरपण्याचा संभव वाढतो, हेही ध्यानात ठेवावे. चष्मा लागणाऱ्यांसाठी नंबरच्या काचांचे मास्क मिळतात. चेहरा प्रत्येकाचा निराळा असल्याने ही वस्तू ऑनलाइन मागवण्यापेक्षा प्रत्यक्ष लावून पाहूनच घेणे श्रेयस्कर. महागडा परंतु न बसणारा मास्क हा स्वस्त परंतु बसणाऱ्या मास्कपेक्षा केव्हाही वाईट.

त्यानंतर श्वासनळी, म्हणजे स्नॉर्केल, आणि पायांचे पंखे, म्हणजे फिन्स. साधी नळी पुरेशी असते. फिन्स दोन प्रकारचे असतात: बुटासारखे पूर्ण पाय झाकणारे आणि टाचेकडे पट्टा असणारे. दुसऱ्या प्रकारात आत रबरी मोजे घालावे लागतात. खडकाळ किनाऱ्यावर ते उपयोगी पडतात. बोटे आखडणारे किंवा टाच घासणारे फिन्स घेऊ नयेत. आपल्या किनाऱ्यावरील पाणी उबदार असल्याने तीन मिलिमीटर जाडीचा सूट बहुधा पुरतो. तोही अंगाबरोबर बसणारा हवा. सैल सूटमध्ये पाणी खेळत राहते आणि थंडी वाजते. याखेरीज दोन छोट्या वस्तूंकडे नवशिक्यांचे दुर्लक्ष होते: एक शिट्टी आणि पृष्ठभागावर फुगवून उभी करता येणारी भडक रंगाची खूणनळी. ती वापरण्याचा सराव मात्र प्रशिक्षकाकडूनच करून घ्यावा. नौकांची वर्दळ असलेल्या पाण्यात आपण कोठे वर येत आहोत हे नावाड्याला दिसणे अत्यावश्यक असते.

आता महाग वस्तूंकडे वळू. रेग्युलेटर, तरंगण्याचे नियंत्रण करणारे जॅकेट आणि शरीरात मुरलेल्या नायट्रोजनचा हिशेब ठेवणारा डायव्ह कॉम्प्युटर या तिघांवर खर्चाचा मोठा भाग पडतो. येथे वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर कागदावर मांडून पाहावे. पुढील आकडे केवळ गणितापुरते गृहीत धरले आहेत; प्रत्यक्ष भाव चौकशी करून त्यांच्या जागी घालावेत. समजा, संच १,००,००० रुपयांना घेतला आणि पाच वर्षांनी तो ३०,००० रुपयांना विकला गेला. घसारा झाला ७०,००० रुपये, म्हणजे वर्षाला १४,०००. वार्षिक देखभाल ५,०००. तीच रक्कम मुदत ठेवीत ६ टक्क्यांनी राहिली असती, तर सरळ हिशेबाने व्याजाचे ६,०००. एकूण वार्षिक भार २५,००० रुपये. भाड्याचा संच एका बुडीला ५०० रुपयांना मिळत असेल, तर स्वतःचा संच परवडण्यासाठी वर्षाला ५० बुड्या व्हायला हव्यात. वर्षातून एकदा चार दिवस जाणारा हौशी माणूस आठ-दहा बुड्या करतो. त्यातच पावसाळ्याचे चार महिने कोकणातील हा उद्योग बंद असतो. त्याचे भाडे होते चार-पाच हजार रुपये. उरलेल्या वीस हजारांत पुढच्या अभ्यासक्रमाचा बराचसा खर्च निघू शकतो.

वस्तूचा उपयोग हवा की तिची मालकी, हा विवेक येथे पैशापुरता मर्यादित नाही. रेग्युलेटरची तपासणी उत्पादकाच्या सूचनेनुसार, सामान्यतः दरवर्षी, करावी लागते. ती करणारा कुशल तंत्रज्ञ आळेफाट्यावर मिळणार नाही. आतील रबरी कड्या न वापरताही जुन्या होतात. अकरा महिने कपाटात पडलेला स्वतःचा रेग्युलेटर हा केंद्रात नियमित तपासल्या जाणाऱ्या भाड्याच्या रेग्युलेटरपेक्षा अधिक भरवशाचा असेलच असे नाही. भाड्याने घेतानाही शेवटची तपासणी केव्हा झाली, हे निःसंकोच विचारावे. या तिघांपैकी एकच घ्यायचे असेल, तर आधी कॉम्प्युटर घ्यावा. प्रत्येक बुडीचा हिशेब ज्याच्या त्याच्या शरीराचा असतो. तो दुसऱ्याच्या मनगटावरील यंत्रावर सोडता येत नाही.

वापरलेली वस्तू स्वस्त मिळते, हे खरे. जुने फिन्स किंवा सूट घ्यायला हरकत नाही. जुना रेग्युलेटर मात्र देखभालीच्या नोंदी आणि सुटे भाग मिळण्याची खात्री असल्याशिवाय घेऊ नये. घेतल्यास प्रथम तंत्रज्ञाकडून उघडून तपासून घ्यावा आणि तो खर्च किमतीत धरावा. बिल नाही, नोंद नाही, पण 'एकदम चालू' आहे, अशा वस्तूपासून दूर राहावे.

सिलिंडरची गोष्ट सर्वांत निराळी. सुमारे ११ लिटरच्या भांड्यात २०० बार दाबाने जवळपास २,२०० लिटर हवा कोंबलेली असते. मोटारीच्या चाकात हा दाब साधारण दोन बार असतो, यावरून कल्पना यावी. आपल्याकडे अशी भांडी गॅस सिलिंडर नियम, २०१६ च्या कक्षेत येतात. त्यांच्या मंजुरीचे काम नागपूर येथे मुख्यालय असलेली पेसो ही केंद्रीय संघटना पाहते, आणि ठरावीक मुदतीने त्यांची दाबचाचणी करावी लागते. शिवाय त्यांत भरायची हवा कोणतीही चालत नाही. महामार्गावरील टायरच्या दुकानातील कॉम्प्रेसरची हवा तेलाचे अंश आणि इंजिनाचा धूर ओढून घेऊ शकते. त्यातील कार्बन मोनॉक्साइड खोलीवर अधिकच घातक होतो. ऑक्सिजन भरून घेण्याची कल्पनाही तितकीच जीवघेणी आहे. शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरच्या पलीकडे विषारी ठरून झटके येऊ शकतात, आणि पाण्याखाली झटका म्हणजे बहुधा मृत्यू. सिलिंडर केंद्राचाच वापरावा.

हे सारे सांगण्याचे कारण घराजवळच आहे. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पाची धरणे या दोन तालुक्यांत आहेत. हाती संच आला की 'समुद्र लांब आहे, धरण तर जवळ आहे' असा मोह होणारच. धरणाच्या पाण्यात तळाशी दिसत नाही, बुडालेली झाडे आणि मासेमारीची जाळी असतात, आणि दरवाजांजवळची ओढ माणसाला खेचून धरते. समुद्रात शिकलेला नवशिका तेथे अननुभवीच असतो. परवानगी आणि जाणकार पथक यांच्याशिवाय धरणात किंवा विहिरीत उतरणे हे साहस नव्हे.

परतीच्या वाटेचाही एक नियम आहे. बुडीत शरीरात मुरलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो. त्यापूर्वी उंचीवर गेल्यास बाहेरचा दाब कमी होऊन त्याचे बुडबुडे होऊ शकतात. विमानप्रवासासाठी एका बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास थांबावे, असे रूढ मार्गदर्शन आहे. मालवणहून निघणारी गाडी आंबोली किंवा फोंडा घाट चढते, आणि आळेफाटा स्वतःच समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांहून अधिक उंचीवर आहे. तेव्हा शेवटच्या दिवशी सकाळी बुडी आणि दुपारी घाट, असा बेत आखू नये. एक रात्र किनाऱ्यावर काढावी. संच निवडण्याइतकाच हा मुक्कामही खर्चाच्या अंदाजात धरावा.

विम्याच्या प्रस्तावात धोक्याच्या छंदांविषयी प्रश्न असल्यास खरे उत्तर द्यावे. लपवलेली गोष्ट दाव्याच्या वेळी कुटुंबाला भोवते. वापरानंतर सर्व साहित्य गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे. पाण्याखाली प्रवाळाला हात किंवा फिन्स लावू नयेत. दगडासारखा दिसणारा तो जिवंत जीवांचा समूह आहे. मालवणचा सागरी भाग १९८७ पासून अभयारण्य आहे, हे तेथे उतरणाऱ्या प्रत्येकाने स्मरणात ठेवावे.

मुलाला नकार देण्याची गरज नाही. वडिलांनी यंदा अभ्यासक्रमाचे शुल्क आणि एक नीट बसणारा मास्क द्यावा. मुलाने एका वहीत प्रत्येक बुडीची तारीख, खोली, वेळ आणि भाडे लिहीत जावे. दोन वर्षांनी पिता-पुत्रांनी ती वही समोर ठेवून बसावे. पुढची खरेदी करायची की नाही, हे तिच्यातील नोंदींवरून दोघांनाही वादाशिवाय ठरवता येईल.