अस्मानी किती आणि सुलतानी किती?

आपत्ती राव-रंक पाहत नाही, असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. वचन ऐकावयास बरे वाटते; परंतु ते खरे नाही. उमरेड शहरातील सिमेंटच्या घरांवर आणि तालुक्यातील कवेलूच्या मातीच्या घरांवर पाऊस सारखाच पडतो. पहिल्या घरी तो गच्चीवरून वाहून जातो, दुसऱ्या घराची भिंतच घेऊन जातो. वाळत घातलेली मिरची अवकाळी सरीने भिजली, तर मोठ्या व्यापाऱ्याचा नफा घटतो. लहान शेतकऱ्याचे वर्ष बुडते. आणि हानी रुपयांत मोजली, तर ज्याच्यापाशी गमावण्याजोगेच थोडे, त्याचा आकडा कागदावर लहानच दिसावयाचा!

हाच भेद प्रदेशाप्रदेशांतही आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने सुमारे ८ ते १० हजार माणसांचा बळी घेतला. त्यानंतर चारच महिन्यांच्या आत, जानेवारी १९९४ मध्ये, अमेरिकेतील लॉस एंजेलिसजवळ त्याहून अधिक तीव्रतेचा धक्का बसला. तेथे संपत्तीची हानी प्रचंड झाली. मृत मात्र साठाच्या आसपास. हा केवळ पैशाचा महिमा म्हणावा काय? किल्लारी भागात गवताच्या झोपड्यांतील अनेक गरीब वाचले आणि चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंतींच्या, जड माळवदाच्या घरांत निजलेले सुखवस्तू लोकही गाडले गेले. तेव्हा प्रश्न एकेकट्याच्या कनवटीचा नाही. घर कसे बांधावे याचे ज्ञान, ते पाळावयास लावणारा कायदा आणि वेळेवर जागे होणारे शासन, ही त्या प्रदेशाची खरी श्रीमंती होय.

ती श्रीमंती निर्धन प्रांतासही कमावता येते. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे १० हजार माणसे मेली. २०१३ च्या ‘फायलिन’ वादळापूर्वी त्याच राज्याने जवळजवळ १० लाख लोकांना सुरक्षित स्थळी हलविले आणि मृतांची संख्या पन्नासाच्या आत राहिली. ओडिशा या अवधीत धनाढ्य झाला नव्हता. तो सावध झाला होता.

आमच्याच नागपूर जिल्ह्यातील मोवाड ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने उद्ध्वस्त झाले आणि दोनशेवर जीव गेले. त्या स्मृतीचा अर्थ वर्षश्राद्धापुरता उरू नये. भिंत पडल्यावर पंचनाम्यासाठी येणारे सरकारी पाऊल पावसाळ्यापूर्वीच त्या भिंतीपाशी पोचले पाहिजे. धोक्याची घरे आधी नोंदवावीत, पुराची सूचना शेवटच्या वस्तीपर्यंत जावी, मिरची व धान्य झाकण्याची सोय लहान शेतकऱ्यासही मिळावी. यांपैकी एकही गोष्ट उमरेड तालुक्याच्या आवाक्याबाहेरची नाही. पक्क्या छपराखाली बसून हे वाचणाऱ्या नागरिकांनीच ही मागणी लावून धरली पाहिजे. अस्मानी टाळणे कोणाच्याही हाती नाही. परंतु तिच्या आड दडलेली सुलतानी टाळणे सर्वस्वी आपल्या हाती आहे.