सतरंजी आणि तारीख

दिवाळीच्या सुमारास तुरुंगातल्या कैद्यांनी केलेल्या मालाची विक्री होते, हे वाचकांना ठाऊक आहेच. यंदा आमच्या सौ.नी तिथून एक सतरंजी आणली. वीण घट्ट, रंग पक्का. पाहुण्यांसाठी ती पसरता पसरता सौ.नी विचारले, "अहो, ही विणणारा माणूस सुटणार कधी?"

आम्ही म्हटले, "काम दिले आहे म्हणजे त्याला शिक्षा झालेली असणार. त्याची तारीख तुरुंगाच्या वहीत लिहिलेली असेल."

"आणि ज्याला शिक्षाच झालेली नाही, त्याची?"

या साध्या प्रश्नाने आमची फराळाची बशी बाजूला राहिली. उत्तर सरकारी आकड्यांतच आहे. २०२२ सालच्या अखेरीस देशभरच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि जागा होती ४,३६,२६६ जणांची. त्यांतले ४,३४,३०२ जण कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले. तुरुंगात चार माणसे असतील, तर त्यांतल्या तिघांना कायद्याने अजून गुन्हेगार म्हटलेले नाही! त्यांना कोर्टाच्या तारखा पुष्कळ मिळतात; सुटकेची तेवढी मिळत नाही.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. घटनेप्रमाणे तुरुंग हा राज्यांचा विषय. तरी केंद्राने २००२-०३ साली १,८०० कोटींची सुधारणा योजना आखली. शंभरातले पंचाहत्तर रुपये केंद्राचे, पंचवीस राज्यांचे. २००९ पर्यंत चाललेल्या या योजनेतून नवे तुरुंग, जादा बराकी आणि कर्मचाऱ्यांची घरे उभी राहिली. ते हवेच होते. पंचवीस जणांच्या बराकीत चाळीस निजणार असतील, तर सुधारणा कसली? पण घागरीला खाली भोक असताना आपण आड खोल करीत बसलो, असे मात्र वाटते.

कच्च्या कैद्यांत गंभीर आरोपाचेही असतात. त्यांना सरसकट सोडा, असे कोणी म्हणत नाही. पण जामीन मंजूर होऊनही आत राहिलेले असतात, त्यांचे काय? जामीनदार हवा, त्याची ऐपत हवी, कागदपत्र हवे. ज्याचे नातलग उसाच्या फडावर, त्याने सातबारा कोणाचा आणावा?

हे ओळखून केंद्राने २०२३ साली गरीब कैद्यांसाठी योजना काढली. तेव्हा जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत, दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदत ठरली. वर्षाची तरतूद २० कोटी. प्रत्येकी ४०,००० धरले, तरी ५,००० माणसे घरी जातील. शिवाय २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळता, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेचा एक-तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला बंधपत्रावर सोडण्याची तरतूद आहे. मात्र त्याच्यावर एकाहून अधिक खटले नसावेत. कायदा आहे, पैसा आहे. पण बराकीतल्या निरक्षर माणसाला ते सांगायचे कोणी आणि अर्ज लिहायचा कोणी?

विटा-चुन्यावाचून सुधारणा होते, हे आपल्याच मुलखाने दाखविले आहे. औंधसारख्या लहानशा संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत काढली. कैद्यांना शेती दिली आणि त्यांच्यावर विश्वास ठेवला. 'दो आँखें बारह हाथ' या १९५७ सालच्या चित्रपटामागे तीच प्रेरणा होती. तिथे शिक्षा झालेल्यांवर विश्वास ठेवला गेला. इथे तर शिक्षाही झालेली नाही.

म्हणून आमची मागणी लहान आहे. नव्या भिंतीसाठी पैसा मंजूर करताना प्रत्येक तुरुंगात एक टेबल, एक वकील आणि एक कारकून यांची सोय आधी करावी. कोणाचा जामीन कधी मंजूर झाला आणि तो अजून आत का, एवढेच त्यांनी रोज विचारावे.

सतरंजी अजून बैठकीत आहे. पाहुणे वीण पाहून वाहवा करतात. सौ. त्यांनाही तोच प्रश्न विचारतात.