आपत्तीग्रस्तांचे उच्च शिक्षण आणि बुलढाणा जिल्हा

दुष्काळ, महापूर वा युद्ध ओढवले की धान्य, पाणी, औषधे आणि निवारा या क्रमाने मदत पोहोचते. प्राथमिक शाळाही कालांतराने सुरू होतात. मात्र पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीचे काय झाले, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. महाविद्यालयीन शिक्षण ही सुबत्तेच्या दिवसांतील चैन आहे, असा समज त्यामागे असावा.

अमरावती धर्मप्रांतातील बुलढाणा जिल्ह्याची आपत्ती प्रायः संथ गतीची आहे. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर १ जुलै २००६ रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली, त्यांत बुलढाणा होता. तिचा मोठा वाटा सिंचन आणि कर्जावरील व्याजमाफीसाठी होता. त्यानंतर २०१२-१३ चा दुष्काळ आला. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांत अतिवृष्टीने हाहाकार माजवला. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात तर पिण्याच्या पाण्याची विवंचना नित्याचीच. अशा घरात बियाण्याचे पैसे आणि प्रवेशशुल्क एकाच वेळी उभे करावे लागतात. कारण नव्या वर्षाचे प्रवेश पेरणीच्याच दिवसांत येतात. पैसे कोठे जातात हे सांगणे नलगे. त्यातही प्रथम थांबते ते मुलीचे शिक्षण, आणि पाठोपाठ तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात.

या परिस्थितीला महाराष्ट्राने दिलेले एक उत्तर म्हणजे १९८९ साली नाशिक येथे स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. संस्थापक कुलगुरू प्रा. राम ताकवले यांच्या काळापासून ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेऊन या विद्यापीठाने मराठीतून स्वयंअध्ययनाची पुस्तके दिली आणि कृषी शिक्षणक्रम चालविले. बारावी न झालेल्या प्रौढांसाठीही आरंभीच्या काळात त्याने पूर्वतयारीच्या मार्गाने पदवीचे दार उघडले. बुलढाण्याचा विद्यार्थी त्याच्या अमरावती विभागीय केंद्राशी जोडलेला असतो. शेतीची कामे सोडून शहरात खोली घेऊन राहणे ज्यांना अशक्य, त्यांच्यासाठी हे मोठेच काम झाले. आपल्याकडील सुशिक्षितांनी ‘बाहेरून केलेली पदवी’ म्हणून तिला नाक मुरडले, हे त्यांना शोभणारे नव्हते.

तरीही घरी पोहोचलेले पुस्तक मनात उतरतेच असे नाही. पुस्तकातील भाषा प्रमाण मराठी, घरात वऱ्हाडी. सातपुड्याच्या पायथ्याशी, अंबाबरवा परिसरात तर कोरकू बोलली जाते. ती मराठीची बोली नसून वेगळ्याच भाषाकुळातील आहे. त्या मुलाला पदवीचे पुस्तक म्हणजे दोनदा ओलांडावयाची नदी. कोरोनाकाळात २०२० साली अंतिम वर्षाच्या परीक्षा ऑनलाईन झाल्या, तेव्हा भाषेच्या अडचणीत मोबाईलच्या जाळ्याची भर पडली. दूरशिक्षणातील अंतर केवळ किलोमीटरमध्ये मोजता येत नाही.

या संदर्भात येशूसंघीयांचा एक प्रयोग अभ्यसनीय आहे. २०१० मध्ये केनियातील काकुमा व मलावीतील झालेका या निर्वासित छावण्यांत अमेरिकेतील रेजिस विद्यापीठाच्या सहकार्याने त्यांनी उच्च शिक्षण सुरू केले. आज ‘जेझुइट वर्ल्डवाइड लर्निंग’ या नावाने ते ओळखले जाते. परदेशी प्राध्यापक संगणकावरून शिकवीत, पण विद्यार्थ्यांच्या सोबतीला छावणीत मार्गदर्शक असत. पदविकेबरोबरच समाजसेवेचे छोटे अभ्यासक्रमही होते आणि त्यांचे विषय छावणीतील लोकांच्या गरजा विचारून ठरत. अर्थात मुख्य पदविका इंग्रजीतून होती, ही तिची मर्यादा. अनेक राष्ट्रांचे निर्वासित एकत्र असलेल्या छावणीत तिला इलाज नव्हता. बुलढाण्यात ती सबब चालणार नाही.

येथे ख्रिस्तसभेचा संबंध येतो. २८ ऑक्टोबर १९६५ च्या ख्रिस्ती शिक्षणविषयक घोषणापत्रात दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने शिक्षण हा प्रत्येक मनुष्याचा हक्क मानला. त्याच्या साठाव्या वर्षानिमित्त पोप लिओ चौदावे यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रेषितीय पत्र प्रसृत केले. तंत्रज्ञानाने माणसाची सेवा करावी, त्याची जागा घेऊ नये, असा आग्रह त्यात आहे. आपल्या धर्मप्रांतांची शैक्षणिक शक्ती मात्र बहुतांशी शालेय शिक्षणात, त्यातही इंग्रजी माध्यमात एकवटली आहे. त्या शाळांचे मोल कमी नाही. पण दुष्काळात शिक्षण सुटलेला तरुण त्यांच्या फाटकाबाहेरच राहतो.

विदर्भात कॅथलिकांची संख्या अल्प आहे; नवे विद्यापीठ काढण्याची भाषा येथे हास्यास्पद ठरेल. त्याची निकडही नाही, कारण पदवी देणारे विद्यापीठ राज्यात आहे. उणीव आहे ती सोबतीची. धर्मग्रामाच्या सभागृहात सायंकाळी दिवा आणि इंटरनेट असावे. निवृत्त शिक्षकाने वऱ्हाडीतून, आणि जमल्यास कोरकू जाणणाऱ्या तरुणाने कोरकूतून, आठवड्याला एक पाठ उलगडून सांगावा. धर्म न विचारता सर्वांना प्रवेश असावा. खारपाणपट्ट्यातील पाण्याची तपासणी किंवा कर्जाच्या कागदपत्रांचे वाचन हे त्या मंडळाचे पहिले स्वाध्याय होऊ शकतात. खर्चाचा सर्वांत मोठा भाग प्रवेशशुल्काचा आहे. उपवासकाळातील दानाचा काही अंश जूनपर्यंत राखून ठेवला, तर तो नेमका पेरणीच्या आठवड्यात हाती येईल.