पेरते व्हा!

बालमित्रांनो, रोहिणीचं ऊन तापलं की गंगापूरच्या शिवारात पावशा ओरडायला लागतो. लिंबाच्या शेंड्यावर बसून, सूर चढवत चढवत, कधी कधी रात्रीसुद्धा! दिसायला थेट शिक्र्यासारखा. घरटं मात्र बांधत नाही, मादी आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालते. आहे की नाही लबाड?

शेतकऱ्यांना त्याची हाक 'पेरते व्हा' अशी ऐकू येते. खरं तर तो जोडीदारीण शोधत असतो. पाऊस किती पडणार, हे त्याला काय ठाऊक! मृगाच्या पहिल्या सरीवर पेरलं आणि मग उघडीप पडली, तर कपाशीचे कोंब करपतात. दुबार पेरणीसाठी पुन्हा बियाणं विकत आणावं लागतं. म्हणून ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग सांगतो.

तो तुम्हीच मोजा. सपाट तळाचा, सरळ उभा डबा झाडापासून दूर मोकळ्यावर ठेवा. रोज सकाळी साडेआठला पट्टी बुडवून पाहा (शून्य अगदी टोकाला असलेली पट्टी घ्या), आकडा वहीत लिहा आणि डबा रिकामा करा. बेरीज ७५ च्या पुढे गेली की आजोबांना सांगा. आणि हो, पावशाची पहिली हाक कोणत्या तारखेला ऐकली, तेही त्याच वहीत टिपा.