खंडणीचा फोन आला, तक्रारही केली. मग घरच्यांचं रक्षण कोण करणार?

समजा, मंद्रूपमध्ये तुमचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. सोलापूर-विजयपूर रस्त्यावरचं गाव, हंगामात गल्ल्यावर बऱ्यापैकी पैसा. एका संध्याकाळी व्हॉट्सॲपवर कॉल येतो. समोरचा लगेच पैसे मागत नाही. आधी तुमचा मुलगा कोणत्या शाळेत जातो, किती वाजता सुटतो, ते सांगतो. मग म्हणतो, "पाच लाख तयार ठेव. पोलिसांत गेलास तर तू जाणे."

आता तुम्ही काय कराल? बरेच जण गप्प बसतात. पोलिसांवर विश्वास नाही म्हणूनच असं नव्हे. तक्रार देऊन घरी आल्यावर रात्री दाराबाहेर कोण उभं असेल, हे माहीत नसतं म्हणून.

ही भीती उगाच नाही, हे बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगनं दाखवून दिलं. तपास यंत्रणेच्या म्हणण्यानुसार, अवादा या पवनऊर्जा कंपनीकडे दोन कोटींची खंडणी मागण्यात आली, त्यासाठी २९ नोव्हेंबर २०२४ ला फोन झाला. ६ डिसेंबरला कंपनीच्या जागेवर सुरक्षारक्षकाला मारहाण झाली, तेव्हा सरपंच संतोष देशमुख मध्ये पडले. ९ डिसेंबरला त्यांचं अपहरण करून खून करण्यात आला. आणि खंडणीचा गुन्हा केज पोलीस ठाण्यात कधी नोंदला गेला? ११ डिसेंबरला. म्हणजे खुनानंतर दोन दिवसांनी. पुढे 'मोक्का' लागला, आरोपपत्र दाखल झालं, प्रकरण न्यायालयात गेलं. पण फोन आणि गुन्ह्याची नोंद यांच्यातले ते बारा दिवस डोक्यात राहतात. पैसे मागितले कंपनीकडे, जीव गेला गावच्या सरपंचाचा.

मोक्का हा कायदाच मुळात अशा काळातून आला. नव्वदच्या दशकात मुंबईत बिल्डर आणि चित्रपट निर्मात्यांना टोळ्यांचे फोन जायचे. ऑगस्ट १९९७ मध्ये गुलशन कुमार यांची हत्या झाली आणि १९९९ मध्ये राज्यानं संघटित गुन्हेगारीविरोधात हा कायदा केला. तेव्हाचा फोन परदेशातून यायचा. तालुक्याच्या गावात येणारा फोन मात्र अनेकदा ओळखीच्या माणसाचा असतो, आणि तेच जास्त अवघड. त्याच्याशी रोज चौकात गाठ पडते.

कायदा काय म्हणतो? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खंडणीचं कलम आहे ३०८. भीती घालून पैसे किंवा वस्तू घेतली की झाली खंडणी. मग त्याला वर्गणी म्हणा, देणगी म्हणा, नाहीतर 'भाऊंच्या वाढदिवसाचं' म्हणा. पावती फाडली म्हणून गुन्हा पुसला जात नाही. जुन्या कायद्यात साध्या खंडणीला जास्तीत जास्त तीन वर्षं कैद होती, आता सात वर्षांपर्यंत आहे. जिवाची किंवा गंभीर दुखापतीची भीती घालून पैसे उकळले तर दहा वर्षांपर्यंत. आणि एक रुपयाही दिला नसला, नुसती खंडणीसाठी जिवे मारण्याची धमकी आली असली, तरी सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. म्हणजे तक्रार करण्यासाठी आधी पैसे जायलाच हवेत असं नाही.

हा सात वर्षांचा आकडा लक्षात ठेवा, कारण घरच्यांच्या संरक्षणाचा धागा त्याच्याशी जोडलेला आहे.

५ डिसेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं महेंद्र चावला खटल्यात साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली आणि ती देशभर लागू केली. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा होऊ शकणारे गुन्हे या योजनेत बसतात. तक्रारदार हाही साक्षीदारच, आणि संरक्षण त्याच्या कुटुंबीयांनाही मागता येतं. अर्ज जिल्हा समितीकडे जातो. तिचे अध्यक्ष जिल्हा व सत्र न्यायाधीश असतात. मंद्रूपच्या माणसासाठी म्हणजे सोलापूर. मग विभागातले पोलीस उपअधीक्षक धोक्याचा अहवाल देतात, त्यासाठी पाच कामकाजी दिवसांची मुदत आहे. धोका अगदी तोंडावर असेल तर समिती आधीच तात्पुरतं संरक्षण देऊ शकते. संरक्षण म्हणजे दरवेळी बंदूकधारी शिपाई असं नाही. घराभोवती गस्त, सीसीटीव्ही, फोन नंबर बदलून देणं, वेळ आली तर काही दिवस दुसरीकडे राहण्याची सोय, हेही त्यात येतं. एका वेळी तीन महिन्यांपर्यंत मिळतं.

महाराष्ट्रानं तर २०१७ मध्येच साक्षीदार संरक्षणाचा स्वतःचा कायदा केला होता, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेनं प्रत्येक राज्याला अशी योजना करणं बंधनकारक केलं आहे. तरीही तक्रार लिहून घेताना "संरक्षणाचा अर्ज द्यायचाय का?" असं तुम्हाला कुणी आपणहून विचारेल, ही अपेक्षा ठेवू नका. तक्रारीसोबतच लेखी मागा, पोच घ्या. सरकारी वकिलांच्या कार्यालयातही विचारता येतं.

तक्रारीचं म्हणाल तर मंद्रूपपासून कर्नाटकची हद्द लांब नाही. फोन पलीकडून आला, पैसे पलीकडे मागितले, तर "आमच्या हद्दीत येत नाही" हे उत्तर चालत नाही. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, तो नंतर योग्य ठाण्याकडे जातो. ऑनलाइन तक्रार दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत मोफत मिळते. ठाण्यात नोंदच घेतली नाही, तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. जीव धोक्यात असेल तर आधी ११२.

पुराव्याचं काय? रागाच्या भरात चॅट डिलीट करू नका, नंबर ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट घ्या. पण निव्वळ स्क्रीनशॉटवर भिस्त नको, मूळ फोन जपून ठेवा, कारण न्यायालयात त्याच्यावर प्रश्न येतात. कॉल चालू असताना दुसऱ्या फोनवर आवाज टिपता आला तर उत्तम. आणि घरात सांगा. मुलाला शाळेतून कोण आणणार हे शिक्षकांना कळवायचं असेल, तर घरच्यांपासून लपवून ते जमणार नाही.

आरोपी जामिनावर सुटून दुकानासमोर घिरट्या घालू लागला, तर तारीख-वेळ वहीत लिहा, कॅमेऱ्यातलं चित्रण वेगळं काढून ठेवा आणि तपास अधिकाऱ्याला लेखी द्या. त्या आधारे सरकार पक्षाला जामीन रद्द करण्याची मागणी करता येते, आणि संरक्षणाची मुदत वाढवून मागताना तुम्हालाही तीच नोंद दाखवता येते.