सहलीच्या मुक्कामी पाहुणे शिक्षक

१९०१ सालची गोष्ट. साताऱ्याहून निघालेली काही मुले मसूर स्टेशनवर आगगाडीतून उतरली. वडील कोरेगावला नोकरीस होते आणि सुट्टीत त्यांच्याकडे राहावयास जाण्याचा आनंद मुलांच्या मनात मावत नव्हता. अंगात नवे कपडे होते, डोक्यावर जरीच्या टोप्या होत्या. स्टेशनमास्तरांनी आपुलकीने चौकशी केली. मुलांनी आपली जात सांगितली आणि त्यांचा चेहरा पालटला. दुप्पट भाडे देऊ केल्यावर एक बैलगाडी मिळाली, तीही गाडी मुलांनी हाकावी आणि गाडीवानाने पायी चालावे, या अटीवर. शिदोरी जवळ असूनही पाण्याच्या घोटावाचून त्या मुलांनी ती रात्र नाक्याजवळ उपाशी काढली. त्यांतील नऊ वर्षांचा मुलगा म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर.

पुढे १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहावयास निघाले असता दौलताबादला थांबले. प्रवासाची धूळ झटकून मंडळींनी किल्ल्याजवळच्या तलावावर हातपाय धुतले, तर पाणी बाटवल्याचा आरडाओरडा झाला. किल्ला पाहता आला तो पाण्याला कोठेही स्पर्श करावयाचा नाही या अटीवर, आणि सोबत शस्त्रधारी शिपाई घेऊन. तोवर बाबासाहेब दोन विद्यापीठांचे डॉक्टर आणि बॅरिस्टर झालेले होते.

इतिहासाच्या तासाला हे दोन्ही प्रसंग आम्ही दरवर्षी सांगतो, आणि सहलीची सूचना फलकावर लागली की ते आम्हांला पुन्हा आठवतात. महाड-पोलादपूरच्या वाड्या-वस्त्यांतून आलेली आपली मुले परगावी जातात, तेथे उघड्या मनाने पाणी पितात, रात्री निर्धास्त झोपतात आणि सकाळी लेणी पाहावयास निघतात. ही साधी गोष्ट आपल्या समाजाला फार उशिरा मिळाली आहे. म्हणून मुक्कामाच्या सहलीत कोणी असावे आणि कसे असावे, हा प्रश्न आम्हांला किरकोळ वाटत नाही.

गेल्या काही वर्षांत पालक सभेत हा प्रश्न एका विशिष्ट रूपात पुढे आला. आपल्याकडे अधूनमधून परदेशी पाहुणे इंग्रजी शिकवावयास येतात, काही महिने राहतात. त्यांनी मुलांबरोबर मुक्कामाच्या सहलीस यावे काय? काही पालक म्हणतात, अवश्य यावे, मुलांचे इंग्रजी सुधारेल. काही म्हणतात, कशाला ती कटकट. आपल्या मुलांना आपल्या शिक्षकांबरोबर मोकळेपणाने दोन दिवस राहू द्या. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. तरीही पाहुण्या शिक्षकांनी यावे, अशा निर्णयास आम्ही आलो आहोत. त्याची कारणे आणि अटी या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडीत आहोत.

हा प्रश्न केवळ आपला नाही. दक्षिण कोरियाने १९९५ पासून सरकारी शाळांत परदेशी इंग्रजी शिक्षक नेमण्याची योजना चालवली आहे. त्या देशात मुक्कामाची शैक्षणिक सहल ही शालेय जीवनातील मोठी घटना असते. अनेक शाळांतील मुले ग्योंगजू या प्राचीन राजधानीत जातात, तेथे बुल्गुक्सा हा विहार आणि सोकगुराम येथील पाषाणातील बुद्धमूर्ती पाहतात. म्हणजे तेथील मुलेही आपल्या मुलांप्रमाणे बुद्धाच्याच वाटेने सहलीस जातात. परदेशी शिक्षकाचे मात्र काय करावे, हे तेथेही शाळेगणिक वेगळे असते. कोठे त्याला आग्रहाने नेतात. कोठे मुले सहलीस गेलेली असताना तो रिकाम्या शाळेत आपल्या टेबलाशी बसून राहतो. ज्याला वर्षभर शिक्षक म्हटले, त्याला मुलांच्या सर्वांत आनंदाच्या दिवसांतून वगळावे, यात काहीतरी विसंगत आहे.

आता आमची स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी इंग्लंडहून आलेल्या एक बाई आमच्या मुलांना सहा महिने इंग्रजी शिकवीत होत्या. त्या वर्षी नववीची सहल कार्ले-भाजे येथे दोन मुक्कामांची ठरली. बाईंना बरोबर घेतले. मुलामुलींची सोय लेण्यांच्या परिसरातील दोन सभागृहांत, सतरंज्यांवर केली. बाईंसाठी मात्र लोणावळ्याच्या हॉटेलात खोली घेतली. पाहुण्यांना जमिनीवर कसे झोपवावे, आपले तिखट त्यांना कसे सोसेल, असा आमचा विचार होता. पहिल्या रात्री पंगत बसली. खिचडी वाढता वाढता पोलादपूरकडची एक मुलगी आम्हांला म्हणाली, "सर, बाई आपल्यात का जेवत नाहीत? त्यांना आपलं चालत नाही का?"

आमच्या हातातील घास हातातच राहिला. 'चालत नाही' या शब्दांचा अर्थ आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला कोणी समजावून द्यावा लागला नव्हता. वळचणीला ठेवलेली वेगळी कपबशी, वरून ओंजळीत ओतलेले पाणी, देवळाबाहेरची जागा हे सारे त्या शब्दांत आहे. त्या मुलीने यातले काही भोगले नसेल, पण घरात ऐकलेले होते. आम्ही आदरापोटी केलेली वेगळी सोय आणि तिरस्कारापोटी केली जाणारी वेगळी सोय तिला सारखीच दिसली. विचार केल्यावर आम्हांला वाटले की तिचे काही चुकले नाही. ज्यांना वेगळे बसवले गेले त्यांच्या लेकरांनी वेगळेपणाचा अर्थ विचारावा, हेच बरोबर आहे.

सकाळी आम्ही बाईंशी बोललो. त्या ओशाळल्या. हॉटेल हीच येथील रीत असावी, तिला नाही म्हणणे यजमानांचा अपमान ठरेल, असे त्यांना वाटले होते. दुसऱ्या रात्री त्या आमच्या शिक्षिकांसह मुलींच्या सभागृहात आल्या. वाटाण्याची उसळ त्यांना झोंबली, तांब्याभर पाणी संपले, मुली खदखदून हसल्या. मग पथाऱ्या पडल्या आणि गप्पा सुरू झाल्या. जी मुलगी सहा महिन्यांत वर्गात एक वाक्य बोलली नव्हती, तिने अंथरुणावर बसून तोडक्यामोडक्या इंग्रजीत विचारले, "तुमच्या आईला तुमची आठवण येत नाही का?" हा प्रश्न पाठ्यपुस्तकात नाही. तो निवासी शाळेतील मुलीचाच प्रश्न आहे. बाई काही वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी आपल्या आईविषयी सांगितले आणि त्या मुलीने आपल्या. काही शब्द चुकले, काही हाताने दाखवावे लागले. आमच्या शिक्षिकांनी हे सांगितले तेव्हा आमच्या ध्यानात आले की इंग्रजी त्या मुलीला येत होते; ते बोलण्याजोगे कारण आम्ही तिला दिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी भाज्याच्या चैत्यगृहात हेच पुन्हा पाहिले. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात कोरलेले ते लेणे; छताला आजही प्राचीन लाकडी कमानी आहेत. दगडाच्या छताला लाकडाची काय गरज, असे बाईंनी विचारले. वर्गात आम्ही जे प्रश्न विचारतो त्यांची उत्तरे आम्हांला आधीच ठाऊक असतात, आणि मुलांना ते कळते. बाईंना खरोखरच ठाऊक नव्हते. आधी लाकडाची घरे आणि सभागृहे होती, कारागिरांनी तोच घाट दगडात आणला, हे सांगावयास तीन मुलींनी मिळून शब्द शोधले. 'तुळई'ला काय म्हणावे यावर त्यांचे आपापसांत भांडणही झाले. परीक्षेत आम्ही पाच गुणांसाठी यापेक्षा कमी लिहून घेतो.

कार्ल्याला गेल्यावर इतिहासाचा शिक्षक म्हणून आम्हांला आणखी एक गोष्ट दाखवता आली. तेथील महान चैत्यगृहाच्या स्तंभांवर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत, आणि त्यांत धेनुकाकट येथील यवनही आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी परदेशी म्हणून ओळखली जाणारी माणसे या विहारात आली आणि आपल्या नावाचा एकेक खांब उभा करून संघाच्या घरात सामील झाली. त्यांच्यासाठी निराळे दालन कोरल्याचे दिसत नाही. त्यांचा खांब इतरांच्या खांबांच्या रांगेत आहे.

आपल्या चळवळीचा अनुभवही असाच आहे. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले तेव्हा नागपुरात शोकाकुल जनतेला धीर देणाऱ्यांत संघरक्षित हे इंग्रज भिक्खू होते. त्यांचे शिष्य लोकमित्र १९७८ पासून पुण्यात राहून काम करू लागले. भाज्याच्या निवासी शिबिरांत झोपडपट्टीतील कामगार आणि परदेशी धम्मचारी एका छपराखाली राहिले, एका पंगतीत जेवले. प्रवचने अनेकांनी ऐकली असतील. पण माणसे जवळ आली ती त्या मुक्कामांत.

यावर एक आक्षेप रास्त आहे. गोऱ्या माणसाला पाहून आपण भारावतो. आपले स्वतःचे इंग्रजीचे शिक्षक उत्तम शिकवीत असता सहलीच्या फोटोत परदेशी पाहुणे मध्यभागी आणि मुले भोवती, असे चित्र उमटते. हे आम्हांला मुळीच मान्य नाही. ज्या समाजाने मोठ्या कष्टाने मान ताठ केली, त्याच्या मुलांनी नव्या साहेबापुढे वाकू नये. पण यावरचा उपाय पाहुण्याला दूर ठेवणे हा नव्हे. दूर हॉटेलात ठेवलेला पाहुणाच साहेब होतो. शेजारच्या सतरंजीवर घोरणारा पाहुणा माणूस होतो. आणि महत्त्वाचे म्हणजे सहलीत पाहुणा आला की आपले मूल यजमान होते. पाणी कोठे आहे ते तेच दाखवते, लेणे तेच समजावून देते, जेवण तेच वाढते. ज्यांच्या पणजोबांना कोणी यजमानपण करू दिले नाही, ज्यांच्या हातचे कोणी घेतले नाही, त्यांच्या लेकरांसाठी हा अनुभव इंग्रजीहून मोठा आहे.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि त्यात तडजोड नाही. कोरियात १६ एप्रिल २०१४ रोजी जेजू बेटाकडे निघालेली सेवोल ही प्रवासी बोट बुडाली. ३०४ जण मृत्युमुखी पडले. त्यांत सहलीस निघालेले एकाच शाळेचे २५० विद्यार्थी होते. आपल्याच रायगड जिल्ह्यात २०१६ च्या फेब्रुवारीत मुरुडच्या समुद्रात सहलीस आलेले महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सावित्रीवरील पूल वाहून गेला, ती रात्र महाडकरांना विसरता येणार नाही. पाण्याशी आणि घाटाशी खेळ नको. म्हणून पाहुण्या शिक्षकांवर मुले मोजण्याची वा सांभाळण्याची जबाबदारी कधीही टाकू नये. ज्याला मुलांची भाषा येत नाही त्याला संकटात मुलांची हाक कळणार नाही.

यापुढील सहलींसाठी काही नियम पक्के असावेत, असे आम्ही सुचवितो. पाहुण्यांनी किमान एक सत्र मुलांना शिकवलेले असावे. आदल्या आठवड्यात आलेल्या अनोळखी माणसाबरोबर मुलांचा मुक्काम नको. त्यांचा व्हिसा या कामास योग्य आहे ना, हे आधी पाहावे; मुक्कामाच्या जागी परदेशी नागरिकाची नोंद चोवीस तासांत झालीच पाहिजे. पालकांच्या संमतीपत्रात पाहुणे सोबत असल्याचा स्पष्ट उल्लेख असावा. मुलींच्या निवासात आपल्या शिक्षिका नेहमी हजर असाव्यात आणि कोणीही प्रौढ व्यक्ती कोणत्याही मुलाबरोबर एकटी राहू नये. मुलांचे फोटो पाहुण्यांनी आपल्या मोबाईलमध्ये नेऊ नयेत. देणगीदारांना दाखवण्यासाठी तर नाहीच. पाहुण्यांचे जेवण आणि अंथरूण मुलांसारखेच असावे. प्रकृतीच्या कारणाने वेगळी सोय करावी लागली तर ते कारण मुलांना सांगावे. खर्चाचे म्हणाल तर शालेय सहलीला एसटीच्या भाड्यात ५० टक्के सवलत असते आणि हॉटेलची खोली वाचते, म्हणजे पाहुणा जड होत नाही.

आणखी एक. मोठ्या सहलीपूर्वी एक दिवसाची तालीम आपल्या घरीच व्हावी. सवच्या गरम पाण्याच्या कुंडांपासून निघून मुलांनी पाहुण्यांना गांधारपाल्याची लेणी दाखवावीत, मग चवदार तळ्यावर न्यावे. २० मार्च १९२७ रोजी येथे काय घडले, ओंजळभर पाण्यासाठी माणसांना सत्याग्रह का करावा लागला, हे चौदा वर्षांच्या मुलाने परक्या भाषेत, परक्या माणसाला, त्या तळ्याच्या काठी उभे राहून सांगावे. आजवर आपल्याविषयी इंग्रजीत पुष्कळ लिहिले गेले, ते बहुतांशी इतरांनी. ते आपल्या मुलांनी स्वतः सांगावे, यासाठी आपण त्यांना इंग्रजी शिकवतो.

शेवटी माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. पाहुणा शिक्षक गोराच असावा असे कोठे आहे? तुमच्यापैकी अनेक जण मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांत, आखाती देशांत, दूरदूरच्या शहरांत दिवसभर इंग्रजीत काम करता. दोन दिवसांची रजा काढून या. मुलांशी इंग्रजीत बोला, त्यांनी दाखवलेले लेणे पुन्हा एकदा नव्याने पाहा, त्यांनी वाढलेली खिचडी खा. सभागृहात सतरंज्या पुष्कळ आहेत. ती पोलादपूरकडची मुलगी आज स्वतः शिक्षिका आहे. यंदाच्या सहलीत मुलींच्या सभागृहात मुक्कामास येण्याचे तिने कबूल केले आहे.