छोटा पडदा : पदर खोचून उभी राहिलेली रजनी

गॅसचा नंबर लावून तीन आठवडे उलटले, तरी सिलिंडरचा पत्ता नव्हता. शेवटी आईने पावती घेतली, पदर खोचला आणि थेट दुकान गाठलं. काउंटरवरचा माणूस हसून म्हणाला, ‘‘क्यों बहनजी, रजनी बनने आई हो?’’ आई म्हणाली, ‘‘हाँ, वही समझो!’’ संध्याकाळी सिलिंडर घरात होता. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरी ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले आहे.

ही रजनी म्हणजे प्रिया तेंडुलकर. १९८५ साली बासू चटर्जींची ‘रजनी’ ही मालिका दूरदर्शनवर आली आणि तिने इतिहास घडवला. रजनी कुणी पुढारी नव्हती, वकील नव्हती. साडी नेसणारी, घर सांभाळणारी साधी गृहिणी. पण गॅसवाल्याची अरेरावी असो की टॅक्सीवाल्याची मनमानी, ती गप्प बसत नसे. टॅक्सीवाल्यांवरचा भाग दाखवल्यावर तर मुंबईच्या टॅक्सीचालकांनी निषेध नोंदवला. ग्राहक संरक्षण कायदा झाला तो पुढच्या वर्षी, १९८६ मध्ये. कायद्याच्या आधीच दाद मागण्याची सवय रजनीने घरोघरी पोचवली होती.

रायपूर भागाला टीव्ही तसा नवा नव्हता. १९७५-७६ च्या उपग्रह प्रयोगात इथल्या खेड्यांतही संच पोचले होते. पण घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी-छत्तीसगढी बोलणाऱ्या आमच्यासारख्या कुटुंबांना राष्ट्रीय पडद्यावर ‘तेंडुलकर’ हे आडनाव दिसलं, की कोण आनंद व्हायचा! कॅनडाच्या सँड्रा ओ हिने ‘ग्रेज ॲनाटॉमी’ या मालिकेतून अमेरिकेची घरं जिंकली, तेव्हा तिच्या गावच्या लोकांनाही असंच वाटलं असेल.

प्रिया ही नाटककार विजय तेंडुलकरांची मुलगी. पण वडिलांच्या नावावर ती थांबली नाही. तिने हवाई सुंदरीची नोकरी केली, पंचतारांकित हॉटेलात स्वागतिकेचं काम केलं, जाहिराती केल्या. श्याम बेनेगलांच्या ‘अंकुर’ (१९७४) मध्ये ती जमीनदारपुत्राच्या पत्नीच्या भूमिकेत दिसली. मराठीत तिने कथाही लिहिल्या.

एवढं असूनही लोकांच्या लेखी ती रजनीच राहिली. एखादी भूमिका अशी अंगाला चिकटली, की कलावंताची वाट अडते. प्रियाने मात्र त्यातूनही वाट काढली. १९९५ मध्ये झी टीव्हीवरच्या ‘हम पाँच’मध्ये ती चक्क भिंतीवरच्या तसबिरीत जाऊन बसली! अशोक सराफांची दिवंगत पहिली बायको फ्रेममधून नवऱ्याला टोमणे मारायची. हलता येत नाही, समोर फक्त चौकट. अभिनयाला उरले डोळे आणि आवाज. तेवढ्यावर तिने घराघरांत हशा पिकवला. पुढे स्वतःच्या नावाच्या चर्चेच्या कार्यक्रमात तिने लोकांनाच बोलतं केलं.

१९ सप्टेंबर २००२ रोजी, वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी ती गेली.

आता तक्रार फोनवरून करता येते, तिचा नंबरही मिळतो. पण परवा दुकानदाराने सुटे पैसे नाहीत म्हणून हातात दोन चॉकलेटं ठेवली आणि मी मुकाट्याने घेऊन आले. आईने ती पाहिली. रागावली नाही. एवढंच म्हणाली, ‘‘अगं, विचारायला काय झालं होतं?’’

मैत्रिणींनो, तुम्ही विचारलं असतंत का?